हमद टाउनमधलं खालतीचं घर

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, आणि बाबा तर न ऐकताच गेले. हमद टाउनमधलं खालतीचं घर माझ्यामुळे गेलं. आमच्या घरात या गोष्टीची दोन कारणं सांगितली जातात. आई म्हणते, तिच्या मनगटावरच्या घड्याळानं घात केला. माझी धाकटी बहीण नीलू म्हणते, बाबा ऐनवेळी कचरले. दोन्ही कारणं मी वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे. प्रत्येक वेळी मान डोलावली आहे, चहाचा कप उचलला आहे आणि दुसरंच काहीतरी काढलं आहे. आता बाबांच्या तेव्हाच्या वयाला मी येऊन पोचलो, आणि मागच्या महिन्यात जे झालं त्यानंतर मान डोलावणं जमेनासं झालं. म्हणून लिहितो.

बहरीनमधलं हमद टाउन तेव्हा नवं होतं. सरकारनं वाळूत आखून वसवलेलं गाव. एकसारखी घरं, एकसारख्या कुंपणभिंती, आणि रस्त्यांवर ओळीनं गोल चौक. पत्ता विचारला की लोक चौकाचा नंबर सांगायचे, पुढचं ज्याचं त्यानं शोधायचं. ही घरं बहरीनी कुटुंबांना हप्त्यावर मिळालेली असत. नाव नोंदवून कित्येक वर्षं वाट पाहावी लागे, पाळण्यातलं पोर शाळेत जायला लागे तेव्हा कुठे घर हाती येई. त्यावर एक अट असे. ज्याला घर मिळालं त्यानंच त्यात राहायचं, भाड्यानं द्यायचं नाही. आणि आम्ही नेमके त्या अटीच्या डोक्यावर राहत होतो, म्हणजे वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. त्या खोल्या घरमालकानं जासिमसाठी, आपल्या एकुलत्या एका मुलासाठी बांधल्या होत्या. पोराचं लग्न झालं की सून वर नांदेल, असा हिशोब. गिलावा वाळायच्या आत तो माणूस हृदयविकारानं गेला. तो हिद्दच्या कारखान्यात बाबांच्या हाताखाली फोरमन होता. बाबा समाचाराला म्हणून गेले आणि येताना या खोल्या ठरवून आले.

त्याआधी आम्ही मनामात जागा शोधत होतो. आपल्याच लोकांच्या एका बिल्डिंगमध्ये आम्हाला हो म्हणाले, आणि आमच्याच समोर वसईच्या एका कुटुंबाला नाही म्हणाले, जिन्यात मासळीचा वास नको म्हणून. बाबांनी ती जागा घेतलीच नाही. मला त्यांचा फार अभिमान वाटला होता. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे त्यांच्याबद्दल जे लिहायचं आहे ते वाचताना हेही ध्यानात असावं. त्या घरमालकिणीनं, जासिमच्या आईनं, आम्ही कुठले, काय खातो, कोणाला पुजतो असलं काही विचारलं नाही. तिनं एकच प्रश्न विचारला, तोही तिच्या त्या मोडक्या हिंदीत. "घर में कोई चिल्लाता है?" बाबा म्हणाले, "मेरी बीवी, कभी कभी." ती इतकी हसली की तिच्या तोंडावरचा पदर सरकला.

तिला आम्ही खालती म्हणायचो. अरबीत त्याचा अर्थ माझी मावशी. ती राहायचीही खालती, त्यामुळे नीलूला कित्येक दिवस वाटायचं की हे नाव मराठीच आहे. खालती बाबांना अबू समीर, म्हणजे समीरचे बाबा म्हणायची, आणि आईला उम्म समीर, समीरची आई. माझं नाव दोन्हीकडे चालणारं निघालं म्हणून ती खूश असे. जासिम मुहर्रकला विमानतळावर सामान चढवायच्या कामाला होता, आठवडाभर तिथेच मामाकडे राहायचा. खालती घरात एकटी. तिला साखरेचा आजार, गुडघे गेलेले. सकाळी तिला इंजेक्शन आई टोचायची. आई बी.एस्सी. झालेली, पुण्याला शाळेत शिकवलेली, इथे आल्यावर घरी बसलेली. इंजेक्शन टोचताना तिच्या चेहऱ्यावर जे समाधान असे ते मी तिच्या स्वयंपाकात कधी पाहिलं नाही.

त्या घराचे आवाज अजून कानात आहेत. खिडकीतल्या एसीची घरघर, गॅसच्या गाडीचा भोंगा, पहाटेची अजान, आणि तिच्या पाठोपाठ खालतीच्या रेडिओवरचं कोणीतरी रडवेल्या आवाजात गाणारं माणूस. शुक्रवारी सकाळी जिन्याच्या तळाशी तिची हाक यायची, "समीर, यल्ला!" मी खाली धावत जायचो. हातात झाकलेली बशी मिळायची. त्यात बलालीत. केशर-वेलची घातलेल्या गोड शेवया, आणि त्यावर चक्क अंड्याचं आम्लेट. आई ते आम्लेट चिमटीनं उचलून माझ्या ताटात टाकायची, शेवया स्वतः खायची आणि दर खेपेला म्हणायची, "या बाईला कोणीतरी सांगा गं, गोडावर अंडं घालत नाहीत." बशी परत करताना त्यात साबुदाण्याची खिचडी नाहीतर शंकरपाळे जायचे. खालती शंकरपाळे गहव्यात, म्हणजे त्यांच्या त्या बिनदुधाच्या वेलचीच्या कॉफीत, बुडवून खायची आणि वर तोंड करून ओरडायची, "उम्म समीर! दाँत तोड दिया मेरा!"

एकाच गोष्टीची बाबांना खंत होती. दाराला पाटी लावता येत नव्हती. "पुण्याचा माणूस आणि बिनपाटीचं दार," ते म्हणायचे, "लोक म्हणतील, पळून आलेत." मी विचारलं, का लावायची नाही? तर म्हणाले, "खालतीला आवडत नाही." सगळं रीतसर आहे, असंच त्यांनी आम्हाला सांगितलेलं होतं. मी नववीत होतो. इंग्रजी शाळेत पहिल्या पाचांत यायचो, वक्तृत्वाचं बक्षीस मिळालेलं होतं. वडील सांगतात ते खरं, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

मग एके दिवशी बातमी आली की घरखात्याची माणसं गल्लीगल्लीत फिरून पाहणी करताहेत. पलीकडच्या चौकातल्या एकानं घर भाड्यानं दिलेलं सापडलं, त्याला नोटीस गेली. त्या संध्याकाळी खालतीच्या बैठकीत सगळे जमलो आणि तिथे मला पहिल्यांदा कळलं की आम्ही इथे राहायलाच नको होतो. ठरलं ते असं: वरच्या दोन खोल्यांत वेगळी चूल दिसता कामा नये. गॅसची टाकी गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे लपवायची. आई खाली खालतीच्या स्वयंपाकघरात रांधेल. दिवसा बाबा कामावर असतील, त्यांचे कपडे पेटीत. आणि कोणी आलंच, तर आई म्हणजे खालतीची कामवाली. आजारी बाईला सांभाळायला ठेवलेली, मुलांसकट वरच राहते. खालतीनं आईला वाक्य शिकवलं. "अना खद्दामा." मी मोलकरीण आहे. आईनं दोनदा म्हणून दाखवलं. खालतीनं ओठांवर बोट ठेवून सांगितलं, इतक्या जोरात नाही, मोलकरीण खाली बघून बोलते. बाबा हसत म्हणाले, "चला, लागली एकदाची नोकरी तुला!" आईही हसली. "पगार ठरवून घ्या आधी," म्हणाली.

मला हसू आलं नाही. माझ्या वर्गात मुलांच्या घरी कामवाल्या होत्या, त्यांच्याबद्दल मुलं काय बोलत ते मला माहीत होतं. बाबांनी रीतसर म्हणून सांगितलेलं खोटं होतं, आणि आता आईला मोलकरीण व्हायला लावून ते हसत होते. आणि ती होतही होती. आपल्याला सगळ्यांनी मिळून फसवलं, ही जी भावना तेव्हा पोटात शिरली, तिला नाव द्यायला मला पुढे पुष्कळ दिवस लागले. आज त्या दोघांच्या हसण्याचा अर्थ कळतो. भीती वाटत होती म्हणून हसत होती. नववीतल्या मुलाला तो कळला नाही.

पुढचे काही आठवडे खरं सांगायचं तर मजेचे गेले. एका स्वयंपाकघरात दोन संसार. खालतीनं आईसाठी एक पातेलं आणि एक कढई बाजूला काढली आणि त्यांना मासळीचा हातही लागू दिला नाही. इकडे आमटीला फोडणी, तिकडे वाळलेलं काळं लिंबू घातलेला भात. आई त्या लिंबाचा वास घेऊन म्हणायची, "हे आमटीत घातलं तर?" घातलंही. बाबांनी दुसरी वाटी मागितली. त्या दिवसांत खालती आणि आई एकमेकींच्या इतक्या जवळ आल्या की पाहणी होऊ नये की व्हावी, तेच मला कळेना.

आला तो एकटाच माणूस होता. तरुण, अंगात पांढराशुभ्र थोब, म्हणजे पायघोळ अरबी झगा, खिशाला पेन, बोलणं अगदी अदबीचं. त्यानं खालतीची तब्येत विचारली, नवऱ्याबद्दल दुःख व्यक्त केलं. मी शाळेतून नुकताच आलो होतो, युनिफॉर्मवरच होतो. खालतीनं मला हात धरून शेजारी बसवलं. आई खालतीचा जुना झगा घालून खाली बघत "अना खद्दामा" म्हणाली, अगदी शिकवलं तसं, आणि गहवा करायला आत गेली. आतला पंखा मोठा घरघरणारा होता, बाहेरचं बोलणं तिला ऐकू जाण्यासारखं नव्हतं. मग तो माझ्याकडे वळला आणि इंग्रजीत म्हणाला, कुठल्या शाळेत? मी सांगितलं. चांगली शाळा आहे, म्हणाला. महागही आहे. मग अगदी सौम्यपणे त्यानं विचारलं, "सो, यू आर द मेड्स सन?"

त्याच्या आवाजात कुचेष्टा नव्हती. असती तर बरं झालं असतं. मी ताठ बसलो आणि शाळेत शिकवलं होतं तसं पूर्ण वाक्यांत उत्तर दिलं. "नो सर. माय मदर इज नॉट अ मेड. शी इज अ ग्रॅज्युएट. माय फादर इज अ‍ॅन इंजिनीअर. वी पे रेंट." त्यानं विचारलं, किती दिवसांपासून. तेही सांगितलं. वर स्वयंपाक कुठे करता? गॅसची टाकी पाण्याच्या टाकीमागे आहे, हेही मीच सांगितलं. कोणी विचारावं आणि मी सांगावं, ऐकणाऱ्यानं मान हलवावी, याची मला गोडी लागली होती. आणि हे सगळं चाललं असताना खालती माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. तिला इंग्रजीतलं एक अक्षर येत नव्हतं. मी ठरल्याप्रमाणे तिची बाजू मांडतोय, अशी तिची समजूत. "माशाल्ला, माशाल्ला," ती त्या माणसाला म्हणाली, "इंग्लिसी!" आणि समोरच्या ताटलीतला सगळ्यात मोठा खजूर उचलून तिनं माझ्या हातात दिला.

आई ट्रे घेऊन आली. त्या माणसानं कप घेतला आणि उठल्यासारखं करून म्हणाला, "थँक यू, मॅडम." बस. अरबीत खालतीशी दोन शब्द बोलला, गहव्याची तारीफ केली, गेला. मी सांगितलेलं त्यानं तिला सांगितलं नाही. का, ते मला आजही माहीत नाही. कदाचित मुलाला तिच्यासमोर उघडं पाडायचं नसेल.

संध्याकाळी बाबा आल्यावर आई रडवेली होऊन सांगत होती, "मॅडम म्हणाला हो मला. त्याला कळलं. घड्याळ काढायचं राहिलं माझं. मोलकरणीच्या हातात कधी असलं घड्याळ असतं का?" बाबा म्हणाले, "काही कळलेलं नाही. सभ्य माणूस असेल." मी शेजारी बसून गृहपाठ करत होतो. तेव्हा तोंड उघडलं असतं तर शिव्या बसल्या असत्या, पण वेळ हातात होती. मी नकाशात नद्या भरत राहिलो. ते घड्याळ आईनं पुन्हा कधी घातलं नाही. पुण्याच्या कपाटात ते अजून पडून आहे.

नोटीस आली. खालतीला खात्यात बोलावलं, जासिम सोबत गेला. तिथे तिला सांगितलं, असं तिनंच येऊन आईला सांगितलं, की वर राहणाऱ्या माणसानं स्वतः येऊन आम्ही पाहुणे होतो, भाडेकरू नव्हतो, आता जागा सोडतो असं लिहून दिलं तर ताकीद देऊन मिटवता येईल. नाहीतर घर परत घेतील. दुसऱ्या दिवशी ती आमच्या खोल्यांत आली. आम्ही राहायला आल्यापासून ती कधी वर आली नव्हती, गुडघे चढू द्यायचे नाहीत. कठड्याला धरून, पायरीपायरीला थांबत आली. बाबा बनियनवर चहा पीत होते, घाईघाईनं शर्ट घालून उठले. "अबू समीर," ती धापा टाकत म्हणाली, "तुम आओ मेरे साथ. बस बोलो, मेहमान. खलास. जासिम का घर है ये, उसका शादी है." बाबा म्हणाले, "बैठो खालती, पानी पियो." तिनं पाणी घेतलं नाही. "आओगे?" बाबांनी तिच्याकडे न बघता सांगितलं, "इंशाल्ला. इंशाल्ला, कल."

आपले लोक ऑफिसात तो शब्द कसा वापरतात ते मला माहीत होतं. टाळायचं असलं की इंशाल्ला. खालतीनं तो तिच्या अर्थानं घेतला, देवाला स्मरून दिलेला शब्द म्हणून. तिचा चेहरा मोकळा झाला, तिनं नीलूचा गाल ओढला आणि तशीच धापा टाकत खाली उतरली.

"जाणार ना?" आईनं विचारलं. बाबा म्हणाले, "वेडी आहेस का? मी लिहून दिलं, त्यांनी कंपनीत विचारलं, तर? कंपनीला आपण भाड्याची पावती दिलीय दुसऱ्याच जागेची. व्हिसा जाईल. मुलांची शाळा जाईल."

"तिच्या नवऱ्यानं तुमच्या हाताखाली जन्म काढला."

"म्हणून मी तुला आणि पोरांना रस्त्यावर आणू?"

मी म्हणालो, "बाबा, मी येतो तुमच्याबरोबर." मला खरंच वाटत होतं, बाबा गेले की मी केलेलं पुसलं जाईल, सांगावंही लागणार नाही. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तुला नाही कळायचं यातलं." वसईच्या माणसाला नाही म्हणणारी जागा नाकारणारे बाबा हेच, हे मला पटेना. मी त्यांच्यावर विसंबलो होतो आणि त्यांनी मला सोडलं. ते त्यांना माहीतही नव्हतं. मी सांगितलं असतं तर कळलं असतं त्यांना. रागावलो मात्र मी त्यांच्यावर, आणि तो राग मला फार सोयीचा पडला. पुढे बाबांकडे बोट दाखवणाऱ्या घरातल्या माणसांत मीही उभा राहिलो. त्यांनी ते निमूट सोसलं.

शुक्रवारी दुपारी खालती मुहर्रकला भावाकडे जेवायला गेली असताना आम्ही सामान हलवलं. आईनं खालतीची बशी घासून पुसून जिन्याच्या तळाशी ठेवली. घरात काही उरलं नव्हतं, ती रिकामीच ठेवली. गाडीत बसताना आई बाबांना एवढंच म्हणाली, "चोरासारखं निघालो." त्यानंतर मनामाच्या नव्या जागेत कित्येक दिवस दोघं फक्त सामानाबद्दल बोलत.

खालतीचं घर परत घेतलं गेलं. अट चुकीची होती असं मी म्हणू शकत नाही. मी आज इथे बहरीनमध्येच एका बँकेत घरकर्जाच्या विभागात आहे. सरकारी मदतीचं कर्ज घेणाऱ्याला तीच अट मी रोज वाचून दाखवतो, आणि वर्षानुवर्षं ताटकळलेल्या ज्या माणसांसाठी ती केलेली असते ती माणसं मी रोज समोर बघतो. मी खोटं बोललो असतो तर माफी मागणं सोपं होतं. मी खरं बोललो, आणि खऱ्याची चाड म्हणून बोललो नाही, मला मोलकरणीचा मुलगा म्हटलं म्हणून बोललो.

मागच्या महिन्यात माझ्या टेबलासमोर एक पिकल्या दाढीचा माणूस बसला. कर्ज मिळेल का विचारत होता, आणि त्याचं वय नियमात बसत नव्हतं. नाव वाचलं आणि मी वर बघितलं. जासिम. त्यानं मला मिठी मारली. लग्न उशिरा झालं, म्हणाला, मुली विचारायच्या, राहायचं कुठे. नंतर सगळा जन्म भाड्याच्या खोल्यांत गेला. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. हात धरून मला मुहर्रकला घेऊन गेला. मामाच्या जुन्या घराच्या मागच्या खोलीत खालती पलंगावर बसली होती. अंगानं अर्धी झालेली, पण जासिमनं माझी ओळख सांगायच्या आतच मला निरखून म्हणाली, "समीर!" मग शेजारी बसलेल्या भाचीला तिनं अभिमानानं सांगितलं, आणि आता अरबी समजत असल्यामुळे मला शब्दन् शब्द कळला. "हाच तो मुलगा. त्या अधिकाऱ्याशी माझ्यासाठी इंग्रजीत भांडला. एवढासा होता. कोणी नव्हतं माझ्या बाजूनं, हा होता." मग माझ्याकडे वळून विचारलं, "अबू समीर त्या दिवशी आले नाहीत. आजारी असतील ना?" मी म्हणालो, हो. तिनं समजल्यासारखी मान हलवली.

त्यानंतर दर शुक्रवारी जातो. औषधं नेतो, फळं नेतो, भाचीच्या मुलाचा गणिताचा अभ्यास घेतो. कबुलीचं वाक्य तयार असतं. बी.एस्सी. आईच्या मुलाला शोभेल असं, शुद्ध, पूर्ण. जासिम खोलीत असतो म्हणून थांबतो, तो बाहेर गेला की ती डोळे मिटते म्हणून थांबतो. आईला पुण्याला फोन केला, खालती भेटली म्हणून सांगितलं, ती रडली आणि पुन्हा घड्याळाचंच बोलली, आणि मी पुन्हा गप्प राहिलो.

खालती जिवंत आहे आणि तिला नीट ऐकू येतं. तुझं घर माझ्या बोलण्यामुळे गेलं, हे तिला तिच्या भाषेत सांगणं, एवढं मी तिचं देणं लागतो. ते मी अजून दिलेलं नाही.